तेल तर साफच हाय

नाही नाही, तिथं नको लावू, तिथं उतार उलटा हाय — अजून मांगं घे, घे, घे, लिंबाच्या बुडाशी, हां — आता पुढचं डावं चाक चढव या ठोकळ्यावर. ठोकळ्यावर, बापा, माह्या पायावर नाही. बस. ब्रेक ओढ. कर बंद. इंजिन गरमच असन, झरीहून बाभुळगावले आला म्हणजे अर्धा जिल्हा पालथा घालून आला तू, गरम तेल कसं पातळ असते, बुडाचा सगळा मळ घेऊन खाली येते — उतर. मंग, खुशी कुठं हाय? मांगच्या सीटवर झोपली काय? झोपतेच ती, घरून निघाली का झोपते आन इथं लिंबाखाली गाडी थांबली का डोळे उघडते. नाही आली? नाही आली म्हणजे? तब्येत तं बरी हाय ना तिची? बरी हाय. बरं. पण मंग काहून नाही आणली? — थांब, थांब, हळू बोल जरा. माही बायको अंदर हाय, धुरपताबाई, गाडी आली हे तिले समजलं असन, लापशी चढवून राह्यली असन चुलीवर, खुशीले नानीच्या हातची लापशी लागते. तिले मी सांगतो मंग. हळूच सांगतो. आधी काम करू.

आन तू कोण? नाही, गाडी मी ओळखली, तुले नाही ओळखलं. दर महिन्याले संजय स्वतः येते, माहा जवाई, खुशीले घेऊन येते. आज ड्रायव्हर पाठवला म्हणजे साहेबच झाला म्हणाव लागन तो. चांगलं हाय, धंदा चालत असन. नाव काय तुहं? शाम. शाम काय? चव्हाण. म्हणजे गोर का कोर — आपल्यातला, बंजारा, का बाहेरचा? गोर. मंग आपल्या बोलीत बोल ना गड्या, मराठी कायले झाडून राह्यला? नीट येत नाही? आश्रमशाळेत शिकला, तिथं मराठीच चालली, बरं, आता सगळ्या पोट्ट्यांचं तसंच हाय, बापाले मराठी येत नव्हती आन पोराले गोरबोली येत नाही, मधात आम्ही दोन्ही तोडकंमोडकं. चाल, मराठीच बोलू. काय सांगून राह्यला होता? थांब, मले आधी हा नट ढिला करू दे, मंग सांग. मोठा पाना दे तो. तो नाही, त्याच्या बाजूचा.

वाक इकडे, पाह्य. ही व्हॅन कंपनीतून अशी नाही आली. कंपनीनं मांगच्या दोनच चाकांले जोर देल्ला होता, पुढच्या दोघांले मी देल्ला. वणीच्या भंगारातून एका मोडक्या जीपचा पुढचा एक्सल आणला, चारही चाकांले जोर वाटणारा गिअर आणला, गाडी हातभर वर उचलली — आन मंग लक्षात आलं का इंजिनाच्या बुडाशी तेलाचं जे चेंबर असते ना, ते त्या एक्सलवर आपटते. मंग चेंबर कापलं, वाकडं केलं, पुन्हा वेल्डिंग मारली. म्हून याचा नट बुडाशी नाही, असा कुशीले हाय. दिसला? सपाट जागी खोलला तं अर्धं तेल अंदरच राह्यते. डावं चाक उचललं तरच सगळं खाली येते. यवतमाळच्या गॅरेजवाल्यानं हात जोडले एकदा संजयले, म्हणे भाऊ, ज्यानं हा उद्योग केला त्याच्याकडेच न्या. मी म्हणलं, बरं झालं. म्हणजे — बरंच झालं ना, ज्याचं काम त्यानंच कराव.

उद्योग कायले केला म्हणतो? माल न्यायले? माल तं संजय आधीबी नेतच होता, तेल-मीठ-साखर घेऊन कोलामाच्या पोडावर जाये, जंगलातल्या वस्त्या त्या, आपले आजे-पणजे बैलावर लादून न्यायचे तेच हा व्हॅनमध्ये नेते. चिखल असला का नाही जाये, घरी बसे. नाही, मालासाठी नाही केलं. पोरीसाठी केलं. बबिता. एकुलती एक पोरगी माही. लग्न झाल्यावर पहिल्याच श्रावणात तिले तीजेले यायचं होतं. तुले तीज तं माहीत असन, का आश्रमशाळेत तेही गेलं? पोरी टोपल्यात गहू पेरतात, रोज पाणी घालतात, रात्री नाचतात — आता लग्न झालेल्या पोरीचं तीजेत काही काम नसते, पण पाहायले तं येते ना माहेरी. नाही येता आलं. सासरचा रस्ता सगळा काळ्या मातीचा, मधात नाला, गाडी शिवेबाहेर निघाली का रुतली, निघाली का रुतली. शेवटी फोन केला तिनं. म्हणे, बा, पोरी गाणे म्हणून राह्यल्या असतीन ना, मले ऐकव. मी फोन वर धरून उभा राह्यलो पोरींच्या मधात, एवढा मोठा माणूस, सगळा तांडा हासून राह्यला होता मले. आन फोनमधून हिच्या रडण्याचा आवाज. मी त्याच दिवशी ठरवलं का माह्या पोरीचं माहेर चिखलानं बंद नाही होणार. पुढच्या श्रावणात आली. अशी आली का गाडीचा रंग कोणता ते समजत नव्हता, काचेपर्यंत चिखल, आन ही पुढं बसलेली, पोटात खुशी, खाली उतरायच्या आधीच सांगून राह्यली — बा, कुठंच नाही रुतली.

पाटी सरकव, पाटी, तेल बाहेर सांडून राह्यलं. हां. काय म्हणतो? साफ? कुठं साफ हाय? ऊन पडलं त्याच्यावर म्हून तसं दिसते. तुले काय समजते रे तेलातलं, काल गाडी हातात घेतली आन आज मले शिकवून राह्यला. चार चाकं ओढाव लागते या इंजिनले, दोन नाही, चार. जोर जास्त पडते, तेल लवकर मरते. म्हून दर महिन्याले बदलाव लागते. मी सांगतलं हाय संजयले, महिना चुकवायचा नाही, इंजिन बसन. आन हे जुनं तेल मी काही फेकत नाही — तो डबा दे इकडे — हे मी राखून ठेवतो, आमच्या तांड्यातल्या सगळ्या मोटरसायकली याच तेलावर चालतात, एकही बंद नाही पडली आजवर. काय? हासतो काहून? म्हणलं ना ऊन पडलं म्हून तसं दिसते.

बरं, तू सांगून राह्यला होता. किती दिवस झाले ड्रायव्हरकीले? पगारावर हाय का — ड्रायव्हर नाही? मंग? संजयचा कोण? साळा?

साळा. अरे वा. बापा, गंमत बरी करतो तू. मले सांग, माणसाले साळा कुठून येते? बायकोले भाऊ असला तं येते. आन संजयच्या बायकोले भाऊच नाही, मीच बाप हाय तिचा, मले माहीत नसन? देवानं एकच लेकरू देल्लं. आता चुलतभाऊ म्हणशीन तं माह्या भावाचे पोट्टे मी ओळखतो, दोघं तिकडे गिट्टीच्या खदानीवर हायेत, तिसरा पुण्याले. तू त्याच्यातला नाही. चव्हाण हाय तू. आम्ही पवार. पवाराच्या पोरीले चव्हाण भाऊ कसा —

थांब. नको सांगू.

तो फडका दे.

कवा झालं? होळीनंतर. बरं. संजय राठोड हाय, राठोड आन चव्हाणात सोयरीक बसते. बसते, बसते, काही हरकत नाही. नीट पाहूनच केलं असन सगळ्यांनी. बहीण लहान का मोठी तुही? मोठी. बरं. नाव — नको, नाव राहू दे. सांगतलं नाही मले संजयनं. सांगायले पाह्यजे होतं. का नव्हतं पाह्यजे? काय सांगन तो बी — मामाजी, तुमच्या पोरीच्या जागी दुसरी आणून राह्यलो, अक्षता टाकायले या? कोण सांगन. तरणा माणूस हाय, पदरी लेकरू हाय, करावच लागते. मीच म्हणलं असतं त्याले कर म्हून. म्हणणारच होतो. पुढच्या साली म्हणलं असतं.

अरे — अरे बापा. थांब. होळीच्या आधी खुशी आली होती इथं, त्या टायरवर बसली होती, तिथं, आन माह्या कानाजवळ तोंड आणून म्हणे, नाना, याडी आरीच. आई येऊन राह्यली म्हणे. असं हळूच, कोणाले सांगू नको असं. मी काय समजलो माहीत हाय? मी समजलो लेकराच्या सपनात बबिता आली असन. म्हणलं, हो बेटा, येईन, येईन तुही याडी. मंग रात्री धुरपताले सांगतलं. ती म्हणे, लेकराले दिसते, आपल्याले नाही दिसत, माही पोरगी येऊन राह्यली घराकडे. सकाळी उठून तिनं न्हाऊन विस्तवावर तूप-गुळाचा भोग लावला, पितरांले लावतो तसा, बबिताच्या नावानं, आन दोघंबी बसून रडलो त्या धुरात, पण खरं सांगतो, बरं वाटलं त्या दिवशी. पोरगी गेल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं. आन ते लेकरू तं तुह्या बहिणीचं सांगून राह्यलं होतं. सरळ, खरं खरं सांगून राह्यलं होतं. मीच येडा, आपल्या बोलीतला एवढा साधा शब्द मले समजला नाही.

नाही, नाही रडून राह्यलो, तेलाचा हात लागला डोळ्याले. नवीन फिल्टर दे तो. त्याच्या रबराले आधी बोटानं थोडं तेल लावाव लागते, असं, नाही तं मंग चिकटून बसते.

आता तुले वाटन का गाडी कामी नाही आली म्हून पोरगी गेली. तसं नाही. भर भादवा होता, नाला दोन्ही थडी भरून, हिले ताप, डोळे उघडत नव्हती. दुसरी कोणती गाडी असती तं शिवेवरच उभी राह्यली असती. संजयनं चारही चाकं जोडले आन सरळ नाल्यात घातली, पाणी दरवाज्यातून अंदर आलं, तरी निघाली. यवतमाळले येईपर्यंत कुठंच थांबली नाही. मी दवाखान्याच्या फाटकातच उभा होतो. डॉक्टर म्हणे, वेळेवर आणली तुम्ही. वेळेवर आणली म्हणे. त्यांनीबी केलं सगळं, दोन रात्री केलं, मी कोणाले दोष देत नाही. तेच तं हाय ना. कुठं रुतली असती तं मी चिखलाले शिव्या देल्ल्या असत्या, नाल्याले देल्ल्या असत्या, माह्या वेल्डिंगले देल्ल्या असत्या. कोणाले देऊ? गाडीनं तिचं काम केलं. मी माहं केलं. आन पोरगी गेली.

तू काहीतरी सांगायले आला हाय. मले केव्हाचं दिसून राह्यलं, तू एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊन राह्यला. नुसतं तेल बदलायले आला असता तं लेकराले घेऊन आला असता. बोल. खालीच हाय मी गाडीच्या, तोंड दिसत नाही माहं, बोलून टाक.

नाही आणायची. थोडे दिवस. थोडे दिवस म्हणजे? संजय म्हणते. काय म्हणते, सगळं सांग, मधातलं खाऊ नको. इथून गेली का जेवत नाही. रडते. तुही बहीण जवळ घ्यायले गेली का ढकलते तिले, म्हणते तू याडी नाही, माही याडी नानीच्या घरी भिंतीवर हाय. हां. आता समजलं. फोटो हाय तो बबिताचा. धुरपता तिले रोज त्या फोटोच्या पाया पडवते, घडोघडी दाखवते, हे पाह्य तुही याडी, हे तुही याडी. तिचं चुकते म्हणू नको तू. तिनं दुसरं काय दाखवाव लेकराले? पण आता मी काय म्हणू. तो बाप हाय खुशीचा. त्याचं चुकते असंही म्हणू शकत नाही. दोन आया कशा समजतीन त्या जिवाले, मोठ्या माणसाले समजत नाही.

संताप तं येते, शाम. खोटं कायले बोलू. आत्ता वाटून राह्यलं का हे ठोकळे काढावे, किल्ली खिशात घालावी आन संजयले फोन लावून म्हणाव, गाडी माही हाय, माह्या पोरीसाठी केली, पोरगी राह्यली नाही, गाडी परत दे, नाही तं माही नात घेऊन ये. म्हणू शकतो मी. म्हणणार नाही. म्हणून काय होईन.

मले एक सांग, खरं सांग, बहीण हाय म्हून झाकू नको. हात तं नाही उचलत लेकरावर? नाही? शपथ घे. बरं. वेणी कोण घालते? तिच्या डोक्यात लवकर उवा होतात, केस दाट हायेत आईसारखे, बारीक फणीनं विंचराव लागते आन ती हलते लई, तवा गोष्ट सांगाव लागते. सांगते? बरं. वांगं खात नाही ती. रात्री कोणाजवळ झोपते? तुह्या बहिणीजवळ. कुशीत? मंग ढकलते म्हणला ना तू? ते इथून गेल्यावर दोन-तीन दिवस. मंग आपोआप जाते कुशीत.

बरं. बरं हाय ते. चांगलं हाय. चांगलंच हाय म्हणून राह्यलो ना मी, तू असा काहून पाहतो माह्याकडे? लेकरानं कोणाच्या तरी कुशीत झोपाव का नाही? झोपाव. फोटोच्या कुशीत कसं झोपन.

फनेल धर. नीट धर, सरळ. ओत हळूहळू, घाई नको, पोटात जाऊ दे. आन काय म्हणे संजय? काही नाही म्हणू नको, तुह्या तोंडावर हाय. तेलाचं? तेलाचं काय? मामाजी काही सांगतीन तेलाचं, तं हो म्हण, उलटून बोलू नको म्हणे. तेल साफ हाय असं तोंडातून काढू नको म्हणे. आन तू तं पहिलीच गोष्ट ती काढली, शहाण्या.

म्हणजे त्याले माहीत होतं.

कवापासून? पहिल्यापासून. पहिल्याच वेळेपासून. हां, बरोबर, तो गाडीवरच जन्म काढणारा माणूस, त्याले तेल समजत नसन काय. मलेच वाटे का मी लई हुशार. मी त्याले तोंड करून सांगो, महिना झाला का आण, इंजिन बसन, मोठा खर्च येईन — आन तो मान हालवे, हो मामाजी, आणतो मामाजी. सगळं माहीत असून एवढ्या दुरून यायचा. लेकराले घेऊन. दिवसभराचा धंदा बुडवून लिंबाखाली बसून राह्ये चहा पीत, आन मी साफ तेल काढो आन पुन्हा नवीन ओतो. अरे, मले वाटे मी त्याले फसवून राह्यलो. दीड-दोन सालं तो मले सांभाळून राह्यला होता, आन मले समजलं नाही.

पुरे. झालं तेल. झाकण लाव, घट्ट. चालू कर, एक मिनिट राहू दे. बंद कर. खाली पाह्य, गळते का? नाही गळत. ठोकळ्यावरून उतरव गाडी.

आता ऐक आन संजयले जसंच्या तसं सांग. नवीन तेल टाकलं, चांगलं टाकलं. आता हे दहा हजार किलोमीटर जाते. चार चाकं असो का आठ असो, दहा हजारापर्यंत झाकणही उघडायचं काम नाही. आन मंग इथं यायची गरज नाही. यवतमाळले, वणीले, पांढरकवड्याले, कोणत्याही गॅरेजवाल्याले सांगायचं का डावं चाक उचल, नट कुशीले हाय. एवढंच हाय ते. शेंबडं पोरगंही करन. मी उगाच बाऊ करून ठेवला होता त्याचा. दुसरं काही नको सांगू. मी रडलो ते नको सांगू. रागावलो नाही म्हणाव. तुह्या बहिणीले — तुह्या बहिणीले सांग का वेणी घट्ट नको घालत जाऊ, तिचं डोकं दुखते.

नको, चहा नको थांबू. जा तू. बायको बाहेर येईन आन तुले पाहीन, आन मंग तू कोण हे मले सांगाव लागन, ते मी तुह्यासमोर नाही सांगू शकत. बस गाडीत. बस म्हणतो ना.

काय व? — नाही, नाही, तू नको येऊ उन्हात, चूल पाह्य. — खुशी नाही व. — कोणी नाही, धुरपता. गिऱ्हाईक हाय.

काढ गाडी.